ताटामागचं रान

चीनच्या सरकारी वाहिनीनं २०१२ साली खाण्यापिण्यावर एक मालिका केली. बाहेरच्या जगात ती ‘अ बाइट ऑफ चायना’ या नावानं ओळखली जाते. तिच्या पहिल्याच भागात हुबेई प्रांतातलं एक तळं आहे. तळं कसलं, नुसता खोल चिखल. त्यात मजूर उतरले आहेत आणि हात खुपसून कमळकाकडी काढताहेत. ती अख्खी निघाली पाहिजे, म्हणून यंत्रापेक्षा हात बरा. दिवस थंडीचे. तरी त्यांना वाटतं की थंडी आणखी वाढावी, कारण थंडी वाढली की कमळकाकडीला गिऱ्हाईक वाढतं. हे सगळं सावकाश दाखवून झाल्यावर मग कुठं हाडांबरोबर शिजणारं तिचं सूप पडद्यावर येतं. तोवर त्या सुपाकडं निव्वळ चवीच्या नजरेनं पाहणं आपल्याला शक्यच राहत नाही.

आधी चिखल, मग हात, मग ताट. हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. देशोदेशींचं खाणं दाखवणारे कार्यक्रम मी वर्षानुवर्षं जीव लावून पाहत आले आहे आणि त्यांचं माझ्यावर ऋण आहे. पण मी राहते परभणीत. इथं खिडकीतून काळी जमीन दिसते. त्या जमिनीकडं पाहत टीव्ही पाहायला लागलं, की ताटापाशी सुरू होऊन ताटापाशीच संपणारा कार्यक्रम अर्धवट वाटायला लागतो.

आमच्या घरात या आवडीची सुरुवात स्टुडिओतल्या स्वयंपाकघरांपासून झाली. १९९३ साली झी टीव्हीवर संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ आला. पुढं मराठीत ‘आम्ही सारे खवय्ये’ आलं. प्रशांत दामले गप्पा मारत पदार्थ करवून घ्यायचे आणि गावोगावच्या बाया आपल्या हातचं करून दाखवायच्या. त्या कार्यक्रमाचं मोठं काम हेच, की जन्मभर चार भिंतींत रांधणाऱ्या बाईचं नाव पडद्यावर आलं आणि तिनं केलेल्या पदार्थाला तिचाच म्हणून मान मिळाला. मग कॅमेरा रस्त्यावर उतरला. विनोद दुआ ‘जायका इंडिया का’ घेऊन गल्लीबोळांत शिरले, रॉकी आणि मयूर ‘हायवे ऑन माय प्लेट’मध्ये ढाब्याढाब्यावर बसले. महाराष्ट्र आला की माझ्या पाहण्यात यायचा तो मुंबईचा वडापाव, कोल्हापूरचा तांबडा-पांढरा, मालवणचं माशाचं कालवण, नागपूरचं सावजी. मराठवाड्यापर्यंत कुणी पोचलंच तर संभाजीनगरचा नान-खलिया. त्याच्या पुढं, जालन्याच्या पलीकडं, परतूर-सेलू-मानवत करत परभणीपर्यंत कॅमेऱ्याचं तिकीट कुणी काढलेलं मला दिसलं नाही.

याचा राग मी कधी धरला नाही. पण त्याचा परिणाम पाहिला आहे. पुण्याला शिकायला गेलेली आमच्याकडची मुलं सुट्टीवर आली की सांगतात, ‘आमच्याकडं खायला खास असं काही नसतं.’ भाकरी, वरण, पिठलं, ठेचा, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, धपाटे हे सगळं त्यांच्या लेखी ‘काही नाही’ या सदरात जातं. ज्याचं चित्र निघत नाही ते नसल्यातच जमा, असं त्यांना वाटायला लागलं आहे, आणि याची मला काळजी वाटते.

माझी माय मात्र परदेशी कार्यक्रम माझ्याहून बारकाईनं पाहते. भाषा कळत नाही म्हणून ती हातांकडं बघते. एकदा सुदानमधल्या बायका पडद्यावर होत्या. आंबवलेलं पातळ पीठ त्यांनी तापल्या पत्र्यावर ओतलं आणि ताडाच्या पानाच्या तुकड्यानं झर्रकन पसरलं. कागदासारखी पातळ भाकरी निघाली. त्याला किसरा म्हणतात. माय म्हणाली, ‘कशाचं पीठ हाये बघ बरं, रंग आपल्यावाणीच दिसायलाय.’ पीठ ज्वारीचंच होतं. मी तिला सांगितलं, की ज्वारी मूळची त्याच बाजूची. पूर्व सुदानात पाच हजार वर्षांपूर्वी लोक ती पेरत होते असे पुरावे मिळाले आहेत. आपल्याकडं ती तिथून समुद्र ओलांडून आली. माय थोडा वेळ त्या बायकांकडं बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हंजी सोयरीकच निघाली की.’

त्या सोयरिकीचा धागा मी नंतर जिथं दिसेल तिथं धरत गेले. इथिओपियातली इंजेरा खरी टेफ नावाच्या बारीक धान्याची, पण जिथं टेफ परवडत नाही तिथं ती ज्वारीची होते. चीनमधली नावाजलेली मौताई दारू ज्वारीपासून गाळतात. दक्षिण आफ्रिकेत ज्वारीची आंबट पेज पितात, आणि आमच्याकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात जी आंबील पितात तिच्यात ताक आणि ज्वारीचंच पीठ. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आमच्याकडं मोठ्या अभिमानानं म्हणतात. मला विचाराल तर आमचं खरं नातं सुदानशी आहे आणि ते सांगताना मला जास्त अभिमान वाटतो. हे नातं मला टीव्हीनं दाखवलं.

आता भाकरीविषयी बोलते, कारण कॅमेरा तिला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ देत नाही. गव्हाच्या कणकेला ताण असतो. ती लाटली, ओढली, घडी घातली तरी धरून राहते. ज्वारीत तो ताण देणारा चिकट पदार्थ नाहीच. म्हणून पाणी कढत घ्यायचं, म्हणजे पिठातला थोडा स्टार्च शिजून चिकट होतो आणि तेवढ्याच आधारावर भाकरी उभी राहते. सगळं पीठ एकदम भिजवून ठेवता येत नाही. एका भाकरीपुरता गोळा घ्यायचा, काठवटीत तळहाताच्या टाचेनं रगडून रगडून मऊ करायचा आणि लगेच थापायचा. पीठ जुनं असलं की भाकरी कडेनं चिरते, मग कितीही कसब असो. म्हणून आमच्याकडच्या बायका दळण थोडं थोडं आणि ताजं आणतात. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर येते, तिच्यावर पाण्याचा हात फिरवतात. ते पाणी वाळायच्या आत उलटायची. वाळलं तर ती फुगत नाही. मग चुलीच्या तोंडाशी आरावर उभी करायची. आतली वाफ दोन पदर वेगळे करते आणि वरचा पापुद्रा टम्म होतो. यात तेल नाही, मीठ नाही, मसाला नाही. धान्य चांगलं नसेल तर ते झाकायला काहीच हाताशी नसतं. नाणावलेल्या स्वयंपाक्यांची कसोटी म्हणून जपानमधला साधा भात दाखवतात, फ्रान्समधलं आम्लेट दाखवतात. त्या रांगेत मी परभणीची भाकरी बसवेन, आणि ती करणारी बाई रोज सकाळ-संध्याकाळ दहा-दहा जणांसाठी ही परीक्षा देते हेही सांगेन.

पण भाकरी तव्यावर सुरू होत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाऊस ओसरला की रब्बीची ज्वारी पेरतात. त्यानंतर आकाशातून काही येईलच याची हमी नसते. कोरडवाहू रानातलं पीक जमिनीनं पावसाळ्यात पोटात धरून ठेवलेल्या ओलीवर निघतं. आमची काळी जमीन खोल आहे, ओल धरते, पण वाळायला लागली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि उरलेली ओल त्या भेगांतून उडून जाते. म्हणून कोळपं चालवायचं. तण निघतं आणि वरची माती भुसभुशीत होऊन भेगा बुजतात. बांधाच्या कडेनं करडईच्या ओळी असतात. ती काटेरी, ढोरं आत शिरत नाहीत. तिचा कोवळा पाला भाजीला आणि बी घाण्याला. दाणा भरायला लागला की पाखरं येतात. माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, पत्र्याचा डबा वाजवायचा; हे काम पोरांचं आणि म्हाताऱ्यांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. ज्वारीचं ताट मुळासकट हातानं उपटायचं, पेंढ्या बांधायच्या, बायांनी बसून कणसं खुडायची. ज्या हातांना दिवसभर ताटं उपटून घट्टे पडतात त्याच हातांनी रात्री भाकरी थापायची असते. भाजलेली भाकरी चरचरत्या तव्यावरून बोटांनी उचलणाऱ्या बाया पाहून बाहेरचे लोक थक्क होतात. ती कातडी रानात तयार झालेली असते.

लहानपणी दूरदर्शनवर संध्याकाळी ‘आमची माती, आमची माणसं’ लागायचं. त्यात ज्वारीचं वाण, खताची मात्रा, एकरी उतारा हे सगळं यायचं. पुढं खाण्याचे कार्यक्रम आले, त्यात कधीमधी भाकरी आली. पण ही दोन जगं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. एका कार्यक्रमात ज्वारी पोत्यात शिरते आणि दिसेनाशी होते, दुसऱ्यात ती पीठ होऊनच जन्माला येते. मधला जो मोठा प्रवास आहे, ज्यात अडत आहे, उधारी आहे, कडब्याचा सौदा आहे, दळण आहे, तो कुणाच्याच वाट्याला आला नाही. शेतीचं आणि खाण्याचं असं ताटातूट झालेलं चित्र पाहत एक पिढी मोठी झाली. त्या पिढीला भाकरी ‘काही नाही’ वाटली, तर दोष तिच्या एकटीचा नाही.

दळणाची नोंद बायांनी स्वतःच करून ठेवली आहे, कॅमेरा येण्याच्या कितीतरी आधी. आमच्या जिल्ह्यातलं गोदावरीकाठचं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. विठ्ठल त्यांना दळू लागला, ही कथा इथल्या प्रत्येक बाईला घरातली वाटते. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांच्या पुढाकारानं गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या नोंदवल्या गेल्या. त्या एक लाखाच्या वर आहेत आणि त्यांत परभणी जिल्ह्यातल्या बायाही आहेत. अन्नामागच्या श्रमाचं एवढं मोठं कथन जगातल्या फार थोड्या भाषांत असेल. खाण्याच्या कार्यक्रमाला निवेदन कुठून आणायचं असा प्रश्न कुणाला पडला, तर मी हा साठा दाखवेन.

अँथनी बोर्डेन या अमेरिकी माणसाचे कार्यक्रम मला आवडत, आणि ते का आवडत हे मला बैरुतच्या भागात कळलं. २००६ च्या जुलैत तो आणि त्याचे सहकारी लेबनानमध्ये खाण्याचं चित्रण करायला गेले आणि युद्ध सुरू झालं. विमानतळावर बॉम्ब पडले. ते हॉटेलात अडकले आणि शेवटी अमेरिकी नौदलानं त्यांना बाहेर काढलं. त्या भागात खाणं थोडंच आहे. भीती आहे, वाट पाहणं आहे, आणि ज्यांना कुठंच जाता येणार नव्हतं अशी माणसं आहेत. त्यानंतरच्या त्याच्या कामात ताटाशेजारी इतिहास येऊन बसला. व्हिएतनाममधल्या हनोईत २०१६ साली बराक ओबामांबरोबर प्लास्टिकच्या लहान स्टुलावर बसून बुन चा हा तिथला पदार्थ खाल्लेला प्रसंग जगभर गाजला. तो नुसता साधेपणाचा देखावा असता तर एवढा लक्षात राहिला नसता. त्या टेबलामागं दोन देशांतलं एक लांबलचक युद्ध उभं होतं.

परभणीच्या ताटामागं दुष्काळ उभा आहे. १९७२ चा. माय तेव्हा परकर नेसायच्या वयाची होती. तिच्या आईबरोबर ती दुष्काळी कामावर जायची. मोठी माणसं खडी फोडायची, मुलं टोपल्यानं माती वाहायची. तिथं सुकडी मिळायची. आणि खायला मिळायचा मिलो. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी, तिकडं जनावरांना घालायची. तिच्या भाकरीचा वास मायला अजून आठवतो. ती त्याविषयी फार बोलत नाही. मला मात्र तो प्रवास सुचत राहतो. आफ्रिकेतून निघालेलं एक धान्य शेकडो वर्षांपूर्वी काही जहाजांतून अमेरिकेला गेलं, तिथं ढोरांचा चारा झालं आणि मराठवाड्यातल्या भुकेल्या माणसांपुढं मदत म्हणून येऊन पडलं, त्या माणसांपुढं ज्यांच्या कणग्या चांगल्या साली त्याच जातीच्या शुभ्र दाण्यांनी भरत असत. जगातल्या कुठल्याही पाककृतीच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. ती सांगायला खाण्याचाच कार्यक्रम लागेल, कारण बातम्यांनी ती कधीच संपवली.

त्याच वर्षी, १९७२ च्या मे महिन्यात, परभणीत मराठवाडा कृषी विद्यापीठ सुरू झालं. पुढं त्याला वसंतराव नाईक यांचं नाव दिलं. ज्वारीवर इथं पिढ्यान्‌पिढ्या काम झालं आहे. ‘परभणी मोती’, ‘परभणी ज्योती’ ही वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडात आपल्या घरातल्या लेकीबाळींसारखी येतात. २०१८ साली इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीकसंशोधन संस्थेबरोबर काढलेलं ‘परभणी शक्ती’ हे लोह आणि जस्त वाढवलेलं वाण आलं, ज्यांना भाकरीवरच भागवावं लागतं त्यांच्यासाठी. हुरड्यासाठी वेगळं वाण काढलं, ‘परभणी वसंत’. दाणा दुधातून घट्ट व्हायला लागतो पण अजून हिरवा असतो, त्या मोजक्या दिवसांत कणीस आगटीत भाजून हातावर चोळायचं. हे दिवस गेले की तोच दाणा नुसतं धान्य होतो. जगभरातले खवय्ये ‘या ऋतूत, याच आठवड्यात’ म्हणून ज्या पदार्थांमागं धावतात, त्यांतला एक आमच्या बांधावर आहे, आणि त्यामागं तुमच्या-आमच्या करातून चाललेलं संशोधन आहे. प्रयोगशाळेतला माणूस खाण्याच्या कार्यक्रमात का दिसू नये, हे मला कळत नाही.

आणखीही एक गोष्ट आहे, जी कॅमेऱ्यानं टाळली. शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ साली आलं. २०२४ साली ते इंग्रजीतही गेलं. ते धाराशिवकडचे. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांचं खाणं त्यांनी त्यात मांडलं, कृतींसकट, आणि ते तसं का होतं याच्या कारणांसकट. वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या, दूध-तूप-तेलाशिवायचा स्वयंपाक, वाट्याला जे आलं त्यातून काढलेली चव. ज्या घरांत ताटाचं चित्र नेहमी वरण-भात-तुपापासून सुरू होतं, त्या घरांतच आपले खाण्याचे कार्यक्रम लिहिले गेले. त्यामुळं ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून जे दिसलं ते एका कोपऱ्याचं होतं. परभणीच्या गल्ल्यांत फिरलं तरी हे कळतं. इथं निजामाचं राज्य सप्टेंबर १९४८ पर्यंत होतं, आणि मनमाड ते सिकंदराबाद ही रेल्वे विसाव्या शतकाच्या तोंडावर गोदावरीच्या खोऱ्यातून गेली. हैदराबादेशी येणंजाणं तेव्हापासून सोपं झालं. म्हणून मुसलमान शेजारणीकडून आमच्या घरी खिचडी-खट्टा येतो आणि आमच्याकडून धपाटे जातात. हजरत तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला सगळं परभणी लोटतं, तिथं काय खाल्लं जातं त्याला जात-धर्म विचारत बसायला कुणाला सवड नसते. एखादा कार्यक्रम ‘परभणीचं खाणं’ म्हणून एकच ताट दाखवणार असेल तर तो न आलेलाच बरा, हे मी ठामपणानं म्हणेन.

आता टीव्हीचं राज्य सरलं आहे. पोरांच्या हातात मोबाइल आहे, आणि त्यावर चूल, पाटा, मातीचं गाडगं दाखवणाऱ्या चित्रफितींचा पूर आला आहे. त्यांतल्या काही मला खरंच आवडतात. कुणी म्हातारी निवांत बसून येसर भाजते, भाजलेल्या धान्या-डाळींचा आणि मसाल्याचा खमंगपणा आपल्यापर्यंत पोचतो. पण बऱ्याच ठिकाणी चूल नुसती सजावटीला असते. धूर नसतो. सरपण कुणी आणलं, पाणी कुठून आलं हे नसतं. आणि ज्वारीची पेर कशी घटली हे तर नसतंच. सोयाबीन शंभर-एक दिवसांत निघतं आणि रोख पैसा देतं. ज्वारी उपटायला माणूस मिळत नाही. बैल कमी झाले तसं घरच्यासाठी कडबा हवा म्हणून ज्वारी पेरायचं कारणही कमी झालं. रेशनच्या गव्हानं चपाती रोजची झाली. ज्या जिल्ह्याच्या नावानं ज्वारीची वाणं ओळखली जातात, तिथल्या कित्येक घरांत भाकरीचं पीठ आता विकतच्या ज्वारीचं असतं. शेतकऱ्याला मी याबद्दल बोल लावणार नाही. त्याला पोरांची फी भरायची आहे. पण हे दाखवलं पाहिजे.

कुणी मला परभणीवर कार्यक्रम करायला सांगितलं, तर मी वर्षभराचा मागीन. एक कुटुंब कोरडवाहू रानातलं, एक भूमिहीन मजुराचं, एक शहरातल्या मोहल्ल्यातलं. येळवशीला तर जाऊच. लातूरकडच्या बाजूच्या गावांत रानात भज्जी शिजते, तूर-पावटा-हरभऱ्याचे हिरवे दाणे बेसनात रटरटतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून जेवायला बसवतात. ते कॅमेऱ्याला आवडेलच. पण मला ज्येष्ठातही जायचं आहे, पाऊस लांबलेला असताना, भाजीला रानात काही नसताना. तेव्हा वाळवणाच्या डब्यातून काय निघतं ते बघायचं आहे. मजुराच्या घरातल्या बाईला आधी मजुरी विचारायची आणि मगच मसाला विचारायचा. मायला निवेदक करायचं, कारण तिला हात वाचता येतात. आणि सुदानमधली एखादी किसरा करणारी बाई आणता आली तर तिला आमच्या ओसरीवर बसवून दोघींना एकाच पोत्यातलं पीठ द्यायचं. हे सगळं व्हायचं तर सुरुवात सप्टेंबरातच करावी लागेल, पहिला कॅमेरा पाभरीमागं चालवावा लागेल. पेरणीचे ते दिवस हुकले, तर पुढं दाखवायची सगळी भाकरी बाजारातून आणावी लागेल.